तुळशीराम का हसला

वस्तुस्थिती आधी, आणि क्रमाने सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. मी सुवर्णपदकासह एम.एस. होऊन मलकापूरच्या एका छोट्या रुग्णालयात रुजू झालो होतो. धामणगाव बढ्याचा तुळशीराम, वय चोवीस, हर्नियासाठी दाखल झाला. लग्न महिन्यावर आले होते.

कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला. तो पूर्ण जागा होता. हर्निया उघडला, तर आतड्याऐवजी भलतेच काही... मी विचार करतो आहे तोवर शेजारी उभ्या नर्स प्रमिलाबाई म्हणाल्या, "सायेब, ही तं लेकराची पिशवी हाये."

शिक्षण सातवी, वर सुईणीचा कोर्स. आणि त्यांचे बरोबर होते. हे वाक्य लिहिताना मी आजही दोनदा थांबलो.

पडद्यापलीकडून तुळशीरामने विचारले, "मंग मी बाई हाओ का?"

वीर्यवाहिन्या गर्भाशयाच्या भिंतीलाच चिकटलेल्या होत्या. गर्भाशय काढताना त्या तुटल्या असत्या, म्हणून ते न काढता आत सरकवले आणि अंडग्रंथी जागेवर बसवल्या. काम निर्दोष झाले, याविषयी मला शंका नाही.

संध्याकाळी मी आकृती काढून त्याला समजावले. पोटात असताना प्रत्येक बाळाला दोन्ही प्रकारच्या नळ्या असतात, मुलग्याची एक जोडी विरून जाते, तुझी विरली नाही. तू पुरुषच आहेस. एकही शब्द चुकीचा नव्हता. त्याने मान हलवली.

सकाळी त्याने वळकटी बांधली होती. "माह्या बापाले सांगा, सोयरीक मोडा. मी सुरतेले चाललो." टाके अजून ओले होते. मी रागावलो, आकृती पुन्हा त्याच्या हातात दिली... त्याने ती उलटी धरली.

मग प्रमिलाबाई त्याच्या खाटेवर टेकल्या. मी दारात उभा. दहा मिनिटे हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिल्या, आणि तुळशीराम हसला. टाक्यांवर हात दाबून हसला. वळकटी त्याने स्वतःच सोडली.

लग्न ठरल्या तिथीला झाले. पत्रिका बाईंना आली, मला नाही.

काय सांगितलेत त्याला, असे मी विचारले होते. "काऊन, तुमची बी सोयरीक मोडून राह्यली का, सायेब?" एवढेच उत्तर मिळाले.

पुढे ही केस मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवली... बाईंचा भाग गाळून. असेच आणखी दोन रुग्ण माझ्याकडे आले. दोघांनाही आकृती नीट समजली. दोघेही पुन्हा तपासणीला आले नाहीत. पुढे त्यांचे काय झाले, मला माहीत नाही.

प्रमिलाबाई, नातीच्या फोनवर आपण माझ्या पोस्ट वाचता, असे कळले. आपला हेवा मला तेव्हा वाटला आणि आजही वाटतो, हे सर्वांदेखत मान्य करतो. ती दहा मिनिटे मला शब्दशः हवी आहेत.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये... फोनवर आपण नुसत्या हसाल.