आजारी बुरशी

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात रतन म्हात्रे अठ्ठावीस वर्षं अटेंडंट होता. काचेच्या बशा धुवायच्या, त्यांत बुरशीचं खाद्य ओतायचं, पिकांवर रोग पाडणाऱ्या बुरश्या त्यावर वाढवायच्या आणि काम संपलं की कोंडलेल्या वाफेत सगळं मारून टाकायचं. बाळकुम गावातली त्याच्या घरची भातशेती कधीच टॉवरांखाली गेली होती. पण भाताचा करपा हा रोग त्याला पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक होता. लहानपणी एका वर्षी लोंब्या माना टाकून पांढऱ्या पडल्या आणि बापाने उभं पीक कापून गुरांपुढे टाकलं, हे त्याने बघितलेलं.

विभागातल्या क्षिप्रा मॅडम या करप्याच्या बुरशीवरच संशोधन करत. एका सकाळी साठ बशांतली एक वेगळी दिसली. बाकीच्यांत राखाडी बुरशी कडेपर्यंत पसरलेली, हिच्यात मात्र रुपयाएवढा फिकट ठिपका.

"खराब झालीय, रतनदादा. टाकून द्या," मॅडम म्हणाल्या.

रतन निघाला, पण वाफेच्या भांड्यापाशी थबकला. खाद्य सगळ्यांना एकाच भांड्यातलं, त्यानेच ओतलेलं. मग हिलाच काय धाड भरली? त्याने बशी गुपचूप कपाटात ठेवली. इतक्या वर्षांत न विचारता केलेलं हे पहिलंच काम. तिचा तुकडा नव्या खाद्यावर लावला, तर आठवड्याने तोही खुरटाच. मग त्याने शेजारी एक धडधाकट बुरशी लावली. दोघी वाढत वाढत एकमेकींना भेटल्या आणि काही दिवसांत धडधाकट बाजूही फिकी पडली.

आता सांगणं भाग होतं. "मॅडम, रागावू नका. ती बशी मी टाकली नाय. बुरशी खराब नाय झाली, आजारी हाय. शेजारणीलाही लागण झालीय."

मॅडम रागावल्या नाहीत. बशी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. पुढे तपासणीत बुरशीच्या आत एक विषाणू निघाला. भाताला त्याचा काही त्रास नव्हता, पण बुरशीला तो दुबळं करून टाकत होता. कॉलेजच्या गच्चीवर कुंड्यांत भात लावून बघितला. आजारी बुरशीने पानांवर तिळाएवढे डागच पाडले.

रतनला वाटलं, जमलं! मुरबाडकडे त्याच्या बहिणीच्या घरची शेती होती. शेतातल्या करप्यालाही ही लागण करून बघायला त्याने तिच्या नवऱ्याकडे, धोंडीबाकडे, कोपऱ्यातला एक वाफा मागितला.

"लोक रोगावर औषध आणतात, रतनभाऊ. तुम्ही रोगच घेऊन आलात!" धोंडीबा हसला, पण वाफा दिला.

तो वाफा पार करपला. धोंडीबाने तरीही चहा पाजला. रतनने करपलेली चार पानं कागदात गुंडाळून मॅडमसाठी घेतली.

"दोन बुरश्यांचे तंतू एकमेकांत मिसळले, तरच विषाणू पलीकडे जातो," मॅडमनी समजावलं. "तिथली बुरशी वेगळ्या जातीची. आपल्या बुरशीशी तिची सोयरीक जुळली नाही."

रतन म्हणाला, "म्हंजे तिथलीच आजारी शोधायला पायजे."

दोन हंगाम तो रविवारी एसटीने जाऊन डाग पडलेली पानं गोळा करत राहिला. मधेच निवृत्त झाला, तरी प्रिन्सिपलची परवानगी काढून मॅडमनी त्याचं टेबल तसंच ठेवलं. दोनशे अकराव्या बशीत बुरशी खुरटली.

पुढच्या हंगामात ती धोंडीबाच्या वाफ्यात सोडली, तर अर्धा वाफा वाचला. उरलेला अर्धा का गेला, ते मॅडमनाही नीट सांगता आलं नाही. रतन बांधावर उकिडवा बसून भरलेल्या लोंब्या बोटांनी चाचपत होता. रोग मेला नव्हता, नुसता नरमला होता, आणि त्याला तेवढंही पुष्कळ वाटत होतं.

मागून धोंडीबा आला. "पुढच्या साली दोन वाफे घ्या, रतनभाऊ," तो म्हणाला. "पण खालच्या अंगाचे. तिथं करपा जास्त पडतो."