तित्तरांच्या वासावर भरीत

माझे सासरे नाना पिंपळनेरहून जळगावला आमच्याकडे राहायला आले ते एक वळकटी आणि दोन तित्तर घेऊन. वळकटी टांग्यातच विसरली, तित्तर विसरले नाहीत. सासूबाई गेल्यापासून गावच्या घरात ते आणि हे दोन पक्षी एवढेच उरले होते. इकडे माझ्या लग्नाला वर्ष झालेलं, नवरा दिवसभर कचेरीत, आणि मी भांड्यांशी बोलायला लागलेले. नाना आले आणि मला आभाळ ठेंगणं झालं. ते मला ‘माय’ म्हणायचे. भाकरी करपली तरी “खमंग शे” म्हणायचे. असा सासरा कोण सोडेल?

अडचण एकच होती. तित्तर दिसायला गोजिरवाणे, पण वास म्हणाल तर ओल्या गोणपाटात आठवडाभर कुजलेली बाजरी. आमच्या माडीवर दोन खोल्या, पिंजरे खिडकीशी, आणि खाली घरमालक. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊ तुपाचे व्यापारी. डब्यावर नाक धरलं की तूप गाईचं की म्हशीचं आणि त्यात काय मिसळलंय, सगळं सांगणार. बाजारात त्यांच्या नाकाला वकिलापेक्षा जास्त मान होता. तिसऱ्याच दिवशी ते नाक जिना चढून वर आलं.

“वहिनी, पक्ष्यांना माझी ना नाही,” भाऊ म्हणाले. “ओरडतात, ओरडू देत. वास मात्र चालायचा नाही. दर रविवारी येऊन बघीन. वास आला की पिंजरे बाहेर.”

नाना शांतपणे म्हणाले, “जठे मना तित्तर, तठे मी.”

म्हणजे पिंजरे गेले की नानाही गेले! मी पदर खोचला. पिंजऱ्यांखाली केळीची वाळलेली पानं घातली, रोज बदलली. गोवऱ्यांची राख पसरली. कडुनिंबाचे डहाळे टांगले. शेजारच्या बांगड्या भरणाऱ्या मणियारणीने दिलेला लोबान जाळला, तर नानांना खोकल्याची उबळ आली आणि वास होता तिथेच राहिला. नाना म्हणायचे, “माले ते काही वास येत नही, माय.” कसा येणार? जन्म त्यातच गेलेला!

पहिला रविवार उजाडला. हातपाय गळालेल्या बाईला जे सुचतं तेच मला सुचलं, स्वयंपाक. कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या आणि त्यावर चार मोठी हिरवी वांगी टाकली. धुराने माडी भरली. वर लसूण आणि मिरच्या ठेचल्या. भाऊ आले, दारात थांबले, नाक वर केलं. मी डोळे मिटले.

“वांगी काड्यांवर भाजली का?”

“हो.”

त्यांनी पिंजऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाट ओढला, बसले आणि म्हणाले, “भाकरी असेल तर वाढा.”

झालं! मग काय विचारता? दर रविवारी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भाऊ आधी दुपारी यायचे, पुढे अंघोळ उरकली की यायचे. आमच्या यांनी वांगं बघितलं की तोंड फिरवायला सुरुवात केली. भाऊ आणि नाना जेवून तासभर सुपारी कातरत बसायचे. भाऊ एकटा माणूस, हाताने रांधून खाणारा, आमच्याकडे पोटभर हसायचा. मी मनातल्या मनात फुगड्या घालत होते. जळगावातलं सगळ्यात तिखट नाक मी चार वांग्यांनी बांधून ठेवलं होतं!

आणि आषाढ आला. भाऊ चातुर्मास काटेकोर पाळणारे. कांदेनवमीला त्यांनी दोन माणसांचं भरीत एकट्याने खाल्लं, हात धुतले आणि म्हणाले, “आता चार महिने वांगं नाही.”

बाहेर पाऊस, ऊन नाही, पानं वाळत नाहीत, राख चिकट झालेली. पुढच्या रविवारी मी पहाटेपासून घासघास घासलं. भाऊ आले. व्रत धरलेल्या माणसासमोर वांगी भाजणार कशी? चूल थंड. त्यांनी नाक वर केलं आणि नाकाने आपलं काम चोख केलं.

“वास येतोय, वहिनी.”

मला रडू फुटलं. लपवलंही नाही. नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “रडू नको माय,” आणि कपड्यांचं गाठोडं बांधायला लागले.

भाऊ मात्र जागचे हलेनात. पिंजऱ्यांशी वाकून तित्तरांना बोट दाखवलं. मग घसा खाकरून म्हणाले, “पिंजरे बाहेर, असं बोललो होतो. शब्द मोडायचा नाही. एक पिंजरा मी खाली नेतो. तेवढाच बाहेर गेल्यासारखा झाला. चार महिने वर येऊन करू काय? खाली हा तरी बोलेल.”

नानांनी गाठोडं खाली टाकलं. त्या दिवसापासून एक तित्तर वर, एक खाली, आणि नाना दिवसभर जिन्यावर.

पुढच्या रविवारी मी पदर सावरला आणि भाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. नाक वर केलं. आत चुलीवर मोठी कढई, तीत लोणी कढत होतं, आणि त्या वासाने खोली नुसती भरून गेली होती. कोपऱ्यात पिंजरा. भाऊ कढईकडेच बघत होते.

“घरात तुपाचे एवढे डबे, आणि आज लोणी कढवताय?” मी विचारलं.

“सहजच,” भाऊ म्हणाले.

मी पाट ओढला, बसले आणि म्हटलं, “भात असेल तर वाढा.”