सुपुत्राचा फ्लेक्स

माझा भाचा फुटबॉल खेळतो, एवढं आमच्या बाबांना मान्य होतं. "पण करतो काय?" हा त्यांचा प्रश्न मात्र काही केल्या सुटत नव्हता. हॉलंडमधल्या एका क्लबने त्याला करार करून पगारावर घेतलं, ही बातमी बहिणीने फोनवर दिली तेव्हा बाबा म्हणाले, "छान झालं. आता संध्याकाळी वेळ मिळत असेल, तर पुढचं शिकून घे म्हणावं." सकाळ-संध्याकाळ खेळणं हीच त्याची नोकरी आहे, हे मी त्यांना समजावलं. त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू पोराला मीच बिघडवलंय.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी केली. आलेल्या मालातली खोट काढायची, याचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यापासून तेच काम मी घरी फुकट करते, असं बहीण म्हणते. लग्न केलं नाही. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी राहतो आणि एकमेकांच्या खोटी काढतो.

भाच्याचा बाप डच. बहीण आणि तो आयर्लंडमध्ये नोकरीला असताना हा तिथे जन्मला आणि शाळेच्या वयात हॉलंडला गेला. त्यामुळे त्याला दोन्ही देशांचं नागरिकत्व, आणि खिशात दोन पासपोर्ट. मराठी मात्र तो फक्त आईकडून शिकला. परिणामी हा सहा फुटी, दाढीवाला पोरगा 'मी येते', 'मी जेवते' असं बोलतो. यंदा नाताळच्या सुट्टीत आला तेव्हा पहिल्याच सकाळी वॉचमनला म्हणाला, "भाऊ, मी जरा धावून येते." वॉचमन बिचारा लिफ्टमध्ये आणखी कोण आहे ते बघायला गेला.

या वेळी तो नुसता सुट्टीला आला नव्हता, डोक्याला ताप घेऊन आला होता. आयर्लंडच्या एकवीस वर्षांखालच्या संघाने त्याला बोलावलं होतं. हॉलंडवाले त्याच्याकडे बघत होते म्हणे, पण नुसतेच बघत होते. परत जायच्या आत त्याला आयर्लंडला हो की नाही ते कळवायचं होतं. लग्नाच्या मुलीलासुद्धा हल्ली याहून जास्त मुदत देतात.

"तू खेळतोस कुठे? म्हणजे मैदानात?" बाबांनी जेवताना विचारलं.

"मागे, आबा. डिफेंडर."

"गोल किती केलेस?"

"मी गोल करत नाही. होऊ देत नाही."

"म्हणजे राखणदार," बाबा म्हणाले आणि त्यांनी आमटीचा भुरका मारला.

मी नेहमीची टोचणी लावली. "दोन-दोन देश, आणि त्यात आपला एकही नाही. अरे, भारताकडून खेळ की! इथे मागे राखायला माणूस हवाच आहे." हे मी त्याला तो चेंडूएवढा होता तेव्हापासून म्हणत आलेय. तो नेहमी हसायचा. या वेळी हसला नाही, पण ते मला नंतर आठवलं.

बाबांनी मात्र माझं बोलणं मनावर घेतलं. भाच्याकडे परदेशस्थ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. ते कार्ड बाबांनी भिंग लावून वाचलं, त्यावर सरकारचे सिंह पाहिले आणि प्रश्न मिटला असं जाहीर केलं. त्या कार्डावर इथे राहता येतं, शेतजमीन सोडून बरंच काही घेता येतं, पण मतदान करता येत नाही आणि भारताच्या संघातून खेळताही येत नाही. भारत सरकारला दुसरा पासपोर्ट चालत नाही. हे भाचा सांगत होता, तोवर बाबा कानटोपी घालून जॉगिंग ट्रॅकवर पोचलेसुद्धा होते.

आमच्याकडे जॉगिंग ट्रॅकवर जॉगिंग सोडून सगळं होतं. तिथे एक भाऊ येतात. वय चाळीस, व्यवसाय भावी नगरसेवक. बाबांनी त्यांना नातवाची बातमी दिली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. 'नाशिकचे सुपुत्र, आपला माणूस, यांची भारतीय फुटबॉल संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' भाऊ मधोमध, हात जोडून. खाली डझनभर चेहरे, सगळे गॉगल लावून. सुपुत्र वरच्या कोपऱ्यात, आणि फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता तो, मिसळ खातानाचा. पाव कापून काढला होता, पण गाल फुगलेलाच होता.

भाचा फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा राहिला. "हे सगळे कोण, मावशी? टीम?"

"शुभेच्छुक."

"त्यांची इच्छा काय आहे?"

"निवडून यायची," मी म्हटलं आणि भाऊंना फोन लावला. निवड झालीच नाही तर अभिनंदन कसलं, असं मी त्यांना खडसावलं. माझा आवाज अंबडच्या शॉपफ्लोअरवर मशीन चालू असतानाही ऐकू जायचा.

"मावशी, आज नाय तर उद्या व्हनारच हाय ना," भाऊ शांतपणे म्हणाले. "आन रविवारी सोसायटीत सत्कार ठेवलाय. मंडप सांगून झाला."

मंडप सांगितला म्हटल्यावर आमच्याकडे कोणीच काही करू शकत नाही. लग्न मोडू शकतं, मंडप मोडत नाही. रविवारी पार्किंगमध्ये भाच्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. भाऊंनी भाषणात त्याने परदेशात भल्याभल्यांच्या विकेट काढल्याचं सांगितलं. शेजारपाजारच्या बायकांनी ओवाळलं. बाबा पहिल्या रांगेत बसून रुमालाने डोळे पुसत होते. आईच्या दिवसांनंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. भाच्याच्या हाती माईक दिला. तो फक्त "मी खूप आभारी आहे, मी परत येते" म्हणाला, तरी टाळ्यांचा कडकडाट झाला.

फेट्यातला फोटो निवडीच्या बातमीसकट कुटुंबाच्या ग्रुपवरून कुणीतरी पुढे ढकलला आणि दुपारपर्यंत हॉलंडला पोचला. भारताकडून खेळणार हे खरं का, असं विचारायला त्याच्या एजंटचा फोन आला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. बाबा म्हणाले, "हा प्लॉटचा एजंट का?" मी त्यांना गप्प केलं. भाचा मात्र फोनवर "नाही, खोटं आहे" असं एकदाही म्हणाला नाही.

सोमवारी सकाळी मी ओट्याशी भाकरी थापत होते. तो येऊन कट्ट्यावर बसला.

"मावशी, मी दोन्ही पासपोर्ट सोडते."

माझा हात पिठातच राहिला. त्याने सगळी चौकशी केली होती. इथे येऊन राहायचं, अर्ज करायचा, मंजूर होईपर्यंत वाट बघायची. तोवर कुठल्याच देशाकडून खेळायचं नाही. आणि युरोपचा पासपोर्ट गेला की हॉलंडमध्ये तो परदेशी खेळाडू ठरणार. परदेशी खेळाडूला तिथे नियमाने फार मोठा पगार द्यावा लागतो, आणि त्याचा क्लब दुसऱ्या पातळीवरचा. तो करार पुढे चालवणं शक्यच नव्हतं. हे सगळं त्याने मला नीट समजावून सांगितलं, जसं काही मीच अर्ज भरणार होते.

"पण का रे?"

"आयर्लंडमध्ये मी डच आहे. हॉलंडमध्ये सगळे विचारतात, तू खरा कुठला? इथे कोणी विचारलं नाही. तिथे कोपऱ्यावर लिहिलंय, आपला माणूस. आणि तू लहानपणापासून सांगतेस ना."

मला भयंकर राग आला. भाऊंचा, बाबांचा, त्या गॉगलवाल्या डझनभर थोबाडांचा, आणि सगळ्यात जास्त या पोराचा, की माझ्या बोलण्यातलं त्याला काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते अजून कळू नये. मी पिठाच्या हातानेच त्याचा दंड धरला.

"ऐक. सहा वर्षांचा असल्यापासून थंडीत पहाटे उठून तू काय कमावलंस ते मला माहीत आहे. ते फेकून इथे आलास ना, तर या घरात पाऊल ठेवू देणार नाही. दारातून हाकलीन. आपला माणूस व्हायला कागद लागतो होय रे? तू आपलाच आहेस, म्हणून तर तुला शिव्या घालते!"

तो रडायला लागला. सहा फुटांचा माणूस आमच्या कट्ट्यावर बसून रडत होता आणि तव्यावर भाकरी जळत होती. मीही रडले, आणि मग भाकरी जळली म्हणून त्याच्यावरच ओरडले. संध्याकाळी त्याने आयर्लंडला होकार कळवला.

बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, तेच वाईट होतं. रात्री जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी नातवाशी बोलले नाहीत. ट्रॅकवर मात्र गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला भाऊंकडून कळलं: "सध्या नियमात बसत नाही. नियम बदलायला सांगितलंय."

फ्लेक्स उतरवा, असं मी भाऊंना म्हटलं. "उतरवायचा कशाला, मावशी? पैसे लागलेत," म्हणत त्यांनी 'भारतीय' या शब्दावर एक पट्टी चिकटवून घेतली. आमच्या कोपऱ्यावर पुढचे तीन आठवडे 'नाशिकचे सुपुत्र' यांची 'आयर्लंड फुटबॉल संघात' निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन झळकत होतं. अजूनही भाजीवाली मला विचारते, आयर्लंड म्हणजे सिन्नरच्या पुढे का?

भाचा गेला तेव्हा बाबांनी नमस्कार घेतला, आशीर्वाद पुटपुटला आणि खोलीत निघून गेले.

त्याची पहिली मॅच आमच्याकडे संध्याकाळी दिसणार होती. भाऊंनी स्वतःचा मोबाईल आमच्या टीव्हीला जोडून दिला आणि बरोबर दोन शुभेच्छुकही आणले. मी चिवडा केला. बाबा गुडघ्यावर शाल घेऊन खुर्चीत बसले होते, "मला त्यातलं काही कळत नाही" असं दर दोन मिनिटांनी सांगत.

संघ मैदानात आले. हिरव्या शर्टात आमचा पोरगा शेवटून दुसरा. राष्ट्रगीत सुरू झालं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत होता. सगळे छाती भरून गात होते. आमच्या पोरावर आला तेव्हा त्याचे ओठ मिटलेले होते. ते गाणं त्यांच्या जुन्या भाषेत आहे, आणि लहानपणीच देश सुटल्यामुळे त्याला ते येत नव्हतं. इतक्या लोकांत तो सरळ समोर बघत एकटा उभा होता. मला ते बघवेना.

खुर्ची करकरली. बाबा काठी टेकत उठत होते.

"बाबा, बसा ना. गुडघा दुखेल. आणि ते आपलं राष्ट्रगीत नाही."

"पोरगं उभं आहे ना?" बाबा म्हणाले. "मग मी बसून कसा राहू?"

ते ताठ उभे राहिले. भाऊंनी तोंडातला चिवडा घाईने गिळला आणि उठले. शुभेच्छुक उठले. मी ताट खाली ठेवलं आणि बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.