बहिरे बैल

खर्ड्याच्या पंकजाने कॉम्प्युटरला बैलगाडी जुंपली, ही बातमी पसरली तेव्हा निम्म्या गावाला पोरगी वाया गेली असं वाटलं. उरलेल्या निम्म्याला आता शेण कोण काढणार याची काळजी पडली. गावाचं सोडा, गाव काय, बोलायचंच.

पंकजा ऊसतोड्यांची लेक. आईबाप दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जायचे. बाप सहादेव ऊस तोडायचा आणि गाडी हाकायची ती आई, कडूबाई. उसाने भरलेली गाडी कारखान्याच्या फाटकातून वळवताना भले भले गडी घामाघूम व्हायचे. कडूबाई पदर खोचायची आणि गाडी अलगद आत न्यायची. पंकजाने नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी करता करता गेम बनवायचं शिकून घेतलं, आणि पहिला गेम केला तो याच गाडीचा. हाकणारी अर्थातच बाई. नगरच्या एका कॉलेजात गेमची स्पर्धा होती, तिथे तो उतरवायचा होता. पण पंकजाच्या लेखी खरी परीक्षा आईची. दुसऱ्याच्या बैलाला कडूबाईने आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं, सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही.

पंकजाने चित्रात जीव ओतला होता. उसाचं पान न् पान वेगळं, बैलांच्या पाठीवर ऊन, लांब बालाघाटाचे डोंगर. तिने आईला खुर्चीत बसवलं आणि वळवायची बटणं दाखवली. कडूबाईने गाडी हाकली. फाटक आलं, तिने बटण दाबलं, बैल सरळच गेले आणि मग वळले. गाडी कलंडली.

"पंके, ही बैलं बहिरी हायेत," कडूबाई म्हणाली.

पंकजाला झोंबलं. पण खोट तिला ठाऊक होती. तिचा कॉम्प्युटर जुना, आणि चित्र इतकं भरगच्च की सेकंदाला जेमतेम वीस-बावीस फ्रेम, म्हणजे हलत्या चित्राचे तुकडे, निघत होत्या, म्हणून बैल हाकेला उशीर करत होते. स्पर्धेतली मशिनंही अशीच साधी असणार होती. तिने एक शक्कल लढवली. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक मशिननेच बनवलेली फ्रेम घुसवायची सोय असते, ती चालू केली. आकडा जवळपास दुप्पट झाला. पंकजाने आईला ऐटीत पुन्हा बसवलं.

"दिसतंय झ्याक. पन आजूनबी बहिरीच हायेत."

बाई आकड्याला भुलणारी नव्हती. मधल्या फ्रेम नुसत्या दिसायला होत्या, त्यांना आईच्या बोटाचा पत्ताच नव्हता. आता एकच वाट उरली, अपस्केलिंग. मशिनने चित्र मुळात लहान काढायचं आणि उरलेलं अंदाजाने भरून पडदाभर मोठं करायचं. म्हणजे तिने रात्रंदिवस खपून काढलेली पानं धूसर होणार. पंकजाने दात-ओठ खात सगळ्यात वेगवान सेटिंग लावलं. बैल हाकेसरशी वळले.

"कासरा तुटला का गं?" कडूबाईने विचारलं.

खरंच, बारीक दोरी अंदाजात हरवली होती. मधेच दिसायची, मधेच गायब. पंकजाने सेटिंग एक पायरी वर आणलं. कासरा दिसू लागला, पण बैल पुन्हा रेंगाळले. मग तिने मन घट्ट केलं. डोंगरांचं बारीक काम काढून टाकलं, लांबच्या उसाच्या सावल्या काढल्या, आणि मशिनची जी ताकद वाचली ती सगळी बैलांना दिली. स्वतःच्या हाताने रंगवलेले डोंगर पुसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा.

कडूबाईने गाडी फाटकातून आत नेली. "बघू," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. पंकजा हिरमुसली.

स्पर्धेला कडूबाई नवं लुगडं नेसून आली आणि मागे भिंतीशी बसली. परीक्षक रामहरी काळे गेम खेळायला बसले. खेळता खेळता म्हणाले, "डोंगर फार धुरकट वाटतात."

"वाटू द्या सर," पंकजा म्हणाली. "कासरा हातात असताना डोंगर बघायला सवड नसते."

फाटक आलं. सर भांबावले, त्यांनी बटण उशिरा दाबलं, आणि गाडी धाडकन कलंडली. सर म्हणाले, "बैल ऐकत नाहीत वाटतं."

पंकजा सांगायला पुढे झाली. तेवढ्यात मागून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला.

"बैलं ऐकत्यात, सायेब! तुमीच उशिरा सांगितलं. उठा, दावते."

सगळा हॉल हसला, सरही हसले आणि खरंच उठले. कडूबाई खुर्चीत बसली, पदर खोचला, आणि भरली गाडी कुठेही न घासता फाटकातून आत नेली. टाळ्या पडल्या. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती शेजारच्या बाईला सांगत होती, "लई गुनाची जोडी हाय. माज्या पोरीची हाय."