चंद्रकांतामावशींचा मासा

पहिल्या उत्तरावर चंद्रकांतामावशींचा विश्वास नाही. पालघरच्या बाजारात त्या मासळी घेऊन बसतात तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा जो भाव बोलतं तो त्यांच्या कानात शिरतच नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, मग कुठे बोलणं सुरू झालं असं त्या मानतात. मी परभणीची, मला घासाघीस करायची लाज वाटते. त्यावरून या बाईंनी मला इतकं छळलंय की विचारू नका, पण माझा त्यांच्यावर फार जीव आहे.

त्यांची मुलगी जागृती आणि मी बोईसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहोत आणि कुंभवलीला एकाच खोलीत राहतो. मावशी समुद्रकाठच्या मुरबे गावात एकट्या. त्यांचे यजमान पुंडलिककाका बोटीवर, कधी परततील ते मासळीनं ठरवायचं. दिवाळीनंतर मावशींचे बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या दांड्यांवर, वाळत असतात. तेव्हा अवेळी पाऊस आला की केलेली सगळी मेहनत कुजते. म्हणून मावशी दिवसभर जागृतीला फोन करून पाऊस येणार का विचारायच्या, आणि आमचे साहेब डोळे वटारायचे.

जागृतीनं यावर तोडगा काढला. कारखान्यात आकडेवारीसाठी आम्ही 'आर' नावाची भाषा वापरतो. त्याच भाषेत तिनं खोलीवरच्या लॅपटॉपसाठी एक प्रोग्राम लिहिला. मावशींनी मोबाइलवरून माशाचं चित्र पाठवायचं. मासा आला की प्रोग्राम हवामान सांगणाऱ्या एका ऑनलाइन सेवेला विनंती धाडणार, मुरब्याचा अंदाज मागणार आणि आलेले आकडे साध्या मराठीत मावशींना कळवणार. प्रत्येक उत्तराखाली 'तुझी जागृती' अशी सही. ती तिनं हौसेनं घातली होती.

सेवा फुकट होती, पण दिवसाला ठरावीक विनंत्यांपर्यंतच. हे मावशींना कुणी सांगितलं नाही. एकदा पावसाची शक्यता चाळीस टक्के आली. मावशींना ते जास्त वाटलं. त्यांनी परत मासा पाठवला, परत परत पाठवला, आणि दुपारी अंदाज खरंच तिसावर उतरला. झालं. तेव्हापासून मावशी हवामानाशी घासाघीस करायला लागल्या.

शेवटी एका दुपारी सेवेनं हात वर केले. विनंत्या फार झाल्या की ती नकाराचा एक आकडा परत पाठवते. जागृतीनं त्याचंही मराठी वाक्य करून ठेवलं होतं: 'आज फार वेळा विचारलंस. आता विचारू नकोस.' आणि खाली सही, तुझी जागृती.

दुसऱ्या दिवशी मासा आला नाही. त्यानंतरही नाही. फोनसुद्धा बंद झाले. आई कामात असेल असं जागृतीला वाटलं, आणि साहेब तर खूशच होते. रविवारी सकाळी मात्र समुद्राकडून आभाळ भरून आलं आणि लॅपटॉप तसाच गप्प. जागृतीनं फोन लावला, मावशींनी उचलला नाही. तेव्हा तिनं स्कूटर काढली, मी मागे बसले.

मुरब्यात पोचलो तर थेंब पडायला लागले होते आणि मावशी एकट्याच बोंबील उतरवत होत्या. तिघींनी मिळून निम्मे वाचवले, निम्मे भिजले. टोपल्या पडवीत आणल्या. जागृती चिडली, मला का विचारलं नाहीस म्हणून.

"तूच बोललीस ना, विचारू नको. मंग मी नाय विचारलं."

ते मी नव्हे, मशीन बोललं होतं, मला तर त्याचा पत्ताही नव्हता, असं जागृती परोपरीनं सांगत राहिली.

"असंल. नाव तर तुझं व्हतं," मावशी म्हणाल्या आणि पदरानं भिजलेले बोंबील टिपू लागल्या.

जागृती रडली. मीही रडले, आणि मला सहसा रडू येत नाही.

त्याच संध्याकाळी तिनं प्रोग्राममधलं ते वाक्य काढून टाकलं. आता सेवेनं नकार दिला की मावशींना काहीच जात नाही. जागृतीच्या मोबाइलवर घंटा वाजते आणि ती स्वतः आईला फोन करते. हे तिनं मावशींना नीट समजावून सांगितलं. जरा जास्तच नीट सांगितलं असं मला आता वाटतं. कारण परवा आभाळ निरभ्र होतं, पावसाची शक्यता शून्य टक्के होती, आणि आमच्या जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मावशींनी मासे पाठवून पाठवून दिवसाच्या सगळ्या विनंत्या संपवल्या होत्या.