कर्मसिद्धांताचं उदाहरण

"उदाहरण लांब शोधायला नको. आपल्या वर्गातच बसलंय."

असं म्हणून सरांनी माझ्याकडे बोट केलं.

एम.ए.चा तत्त्वज्ञानाचा वर्ग. आम्ही सातजण. विषय कर्मसिद्धांत. बाकी सहाजणांना सर अहोजाहो करायचे, मला अरेतुरे. म्हणाले, "ह्याचा जन्म दापोडीच्या महारवाड्यात झाला. का? पूर्वजन्मीचं पाप. पण हा आज इथं बसून दर्शनं शिकतोय. का? थोडं पुण्यही होतं. एकाच देहात दोन्ही फळं. इतकं स्वच्छ उदाहरण मला आजवर मिळालं नव्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे वळून माझ्याकडे बघत राहिले. फळ्यावरची आकृती बघावी तसे. एकीनं वहीत टिपून घेतलं.

आणि मी? मीही टिपून घेतलं. 'उदा.' लिहिलं, पुढं माझंच नाव. त्या हाताची मला अजून चीड येते.

सर मनानं वाईट नव्हते, असं लोक म्हणतात. असतील. ग्रंथालयातली पुस्तकं त्यांनी मला स्वतःच्या कार्डावर काढून दिली होती. वर्गात ते माझं कौतुक करत होते, असंच त्यांना वाटलं. तेच जास्त झोंबलं.

तेव्हा पिंपरीकडे एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. आई तिथं वाळूच्या पाट्या वाहायची. संध्याकाळी चुलीपुढं बसली की रोज विचारायची, "आज काय शिकिवलं?" तिला अक्षर येत नव्हतं. पण मी ग्रीकांचं सांगितलं तरी ऐकायची, वेदान्ताचं सांगितलं तरी ऐकायची. त्या दिवशी मी गप्प बसलो. तिनं पिच्छा सोडला नाही. मग सगळं सांगून टाकलं.

तिनं भाकरी उलटली.

"म्हंजी माझ्या पोटी आलास, ही तुला शिक्षा व्हय?"

तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली.

"आन् त्येनं तुझा मागला जनम बगितला कुठं? इचारलंस का?"

"न्हाई."

"मग कशापायी जातूस तितं?"

वर्षभर आम्ही न्यायदर्शन शिकत होतो. एखादी गोष्ट खरी मानायची तर प्रमाण लागतं. डोळ्यांनी पाहिलेलं, तर्कानं काढलेलं, साम्यावरून ओळखलेलं, नाहीतर विश्वासाच्या माणसाचा, म्हणजे आप्ताचा शब्द. मला सगळं तोंडपाठ होतं. परीक्षेपुरतं. ते स्वतःच्या जिण्याला लावून बघायचं असतं, हे मला पाट्या वाहणाऱ्या बाईनं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तसा उभा राहिलो.

"सर, माझा मागचा जन्म तुम्हाला कोणत्या प्रमाणानं कळला?"

"खाली बस."

"तुम्ही पाहिलात?"

सर म्हणाले, "शब्दप्रमाण. ऋषींचं वचन आहे. ते आप्त आहेत."

"कुणाचे? माझे न्हाईत."

घरातलं 'न्हाई' तोंडून निसटलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी शब्द सुधारला नाही.

सरांचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र चढला नाही. "परीक्षेत हे लिहिलंस तर नापास होशील. आणि ह्यापुढं पुस्तकं मागायला माझ्याकडे येऊ नकोस."

मी परीक्षेत तेच लिहिलं. त्या पेपरात नापास झालो. बाकीचे सहाही पास. एकजणही मला येऊन भेटला नाही.

वस्तीतले म्हणाले, "सोड ते तत्त्वज्ञान, राव. वर्कशॉपात चिकट." माझ्या भल्यासाठीच म्हणाले. मी ऐकलं नाही. पुन्हा नाव घातलं. संस्कृत शिकायला बसलो, पहिल्या धड्यापासून. न्याय, मीमांसा, वेदान्त, सगळं मुळातून वाचायचं ठरवलं. मला त्यातून मोक्ष नको होता. माझ्या आईवरचं आणि माझ्यावरचं आरोपपत्र त्या पोथ्यांत लिहिलेलं आहे. ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नसतं. आरोपीनं स्वतः वाचायचं असतं. ओळ न् ओळ. उभं राहून.