अडखळत वाचणारी मुलगी

सातवीचा निकाल लागला त्या दिवशी हेडमास्तरांनी हायस्कुलात जाणाऱ्या आम्हा मुलामुलींना व्हरांड्यात उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एक पातळ इंग्रजी पुस्तक दिलं. म्हणाले, "सुट्टीत वाचून काढा. आठवीचे सर पहिल्याच दिवशी विचारतील." त्यांनी स्वतः ते पुस्तक उघडलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आम्ही उमरखेडला राहत होतो. महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली होती. बाबांची गावाबाहेर कापसाची, तुरीची शेती होती आणि गावात मान होता. त्या मानाला ते फार जपायचे. माझं इंग्रजी म्हणाल तर अक्षराला अक्षर जोडून शब्द व्हायचा, पण शब्दाला शब्द जोडून काहीच व्हायचं नाही. ताईचं मात्र तसं नव्हतं. ती त्याच वर्षी मॅट्रिकला बसली होती आणि इंग्रजी अशी वाचायची की शेजारच्या बाया भांडी घासता घासता थांबून ऐकायच्या. तिला यवतमाळला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बाबा त्यावर "पाहू" म्हणायचे. आमच्या घरात "पाहू" म्हणजे नाही.

ताई रोज सकाळी मला ओसरीवर बसवून ते पुस्तक वाचून घ्यायची. गोष्ट एका इंग्रज पोराची होती. तो सुट्टीत काकाच्या शेतावर जातो, बर्फात खेळतो, आत्याच्या हातचं गोड खातो आणि गाय जवळ आली की घाबरून कुंपणावर चढतो. गाईला घाबरणाऱ्या पोराबद्दल मला काडीचीही आस्था नव्हती. आमच्याकडे पाच वर्षांचं पोरही म्हशीच्या पाठीवर बसून पाण्याला जायचं. मे महिन्यात, घामाने पानं बोटांना चिकटत असताना, बर्फाचं वर्णन वाचायला लावणाऱ्यांची अक्कल किती असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

"ताई, हे वाचून काय होते?" मी विचारायची.

"वाचता येते," ताई म्हणायची. "चाल, पुढचं वाच."

त्याच महिन्यात ताईला पाहायला लोक आले. स्थळ आणलं होतं आमच्या नात्यातल्या एका काकांनी. त्यांना लग्नं जुळवायचा नाद होता, दुसरा उद्योग नव्हता. मुलगा फुलसावंगीकडच्या मोठ्या शेतकऱ्याचा. दोन वर्षं अमरावतीला कॉलेजात काढून परत आलेला. परत काहून आला, हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याच्यासोबत त्याचे मामा होते. ते इंग्रजांच्या काळात कोर्टात कारकून होते आणि साहेब गेला तरी त्यांच्या बोलण्यातून गेला नव्हता. पोहे खाताना ते बाबांना सांगत होते की आमचा साहेब चमच्याशिवाय काही खात नसे. बाबा माना डोलवत होते. माझे बाबा कोणासमोर मान डोलवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

ताईचं नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झाला. मग मामा म्हणाले, "मुलीला इंग्रजी येतं असं ऐकलं. वाचून दाखवू दे."

घरात इंग्रजी पुस्तक एकच, माझं. मायनं ते आतून आणून दिलं. ताईनं मधलंच एक पान उघडलं आणि वाचायला लागली. ती नेहमीसारखीच वाचत होती, थांबायचं तिथं थांबून, मान वर करून. एक पान संपलं, तिनं दुसरं उलटलं.

"पुरे," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "फार भरभर वाचते. मुलीच्या जातीला इतकं बरं दिसत नाही." मग त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या माझ्यावर गेली. "ही धाकटी का? ये, तू वाच."

मी गेले. पुस्तक उलटसुलट वाटत होतं, ओळी हलत होत्या. मी एक वाक्य धरलं आणि त्यात चार वेळा पडले. मामा मात्र खूश झाले. हसून बाबांना म्हणाले, "हं. हे असं. मुलीनं असं वाचावं. येतंही आणि डोक्यावरही बसत नाही."

मुलगा या सगळ्यात पोहे संपवत होता. ताईनं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "तुम्ही वाचता का थोडं?"

बाबा खोकले. मुलानं पुस्तक घेतलं, दोन पानं उलटली, गाय आणि कुंपणाचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. "हे लहान पोराईचं पुस्तक आहे," तो म्हणाला. आमच्या घरात त्याच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य.

आठवड्यानं काका निरोप घेऊन आले. बाबा ओसरीवर होते, मी आणि ताई आत तूर निवडत होतो. काका हळू आवाजात बोलायचा प्रयत्न करत होते, पण तो आवाज हळू होण्यातला नव्हता.

"मोठी त्याईले नाही जमत म्हणते. जरा तिखट वाटली. पण धाकटी पसंत आहे. चार वर्षं थांबतो म्हणते. फक्त तिले जास्ती शिकवू नका."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तेरा वर्षांच्या मुलीबद्दल दोन मोठी माणसं ज्वारीच्या पोत्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. बाबा रागावतील असं मला वाटलं. बाबा म्हणाले, "घर मोठं आहे. विचार करतो." आणि थोडं थांबून, "मंग आठवीत टाकून कायले उपयोग?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही आणि मलाही रडू दिलं नाही.

"तू अडखळली म्हून पसंत पडली," ती म्हणाली. "आता अडखळायचं नाही."

त्यानंतर आमचं वाचन सकाळी ओसरीवरचं राहिलं नाही. दुपारी सगळे झोपले की आम्ही गोठ्यात जायचो. तिथं बैलांच्या अंगावरच्या माशा आमच्यावर येऊन बसायच्या. ताई आधी वाचायची, मग मी. अर्थ सांगायची, मग पुन्हा मी. मी चिडले, पुस्तक कडब्यावर फेकलं, परत उचललं. त्या मूर्ख पोराचा मला इतका राग आला की त्याची प्रत्येक ओळ मला येऊ लागली. आधी पाठ झाली, मग खरोखरच कळायला लागली. एका दुपारी ताईनं न शिकवलेलं पान मी सरळ वाचून काढलं आणि ताईनं लगेच पुढचं पान उघडलं.

जून लागता लागता काका उत्तर घ्यायला आले. मायनं चहा टाकला. तिला अक्षरओळख नव्हती, पण काय चाललंय ते सगळं समजत होतं. माझ्या हातात पुस्तक देऊन ती एवढंच म्हणाली, "दाराजवळ बस. उजेड चांगला आहे."

मी बसले आणि वाचायला लागले. मोठ्यानं, रस्त्यापर्यंत जाईल असं. काकांनी बोलायला तोंड उघडलं की मी आवाज चढवायची. थोड्या वेळानं त्यांनी बोलणं सोडलं आणि ऐकत बसले.

"हिलेही येते वाटते," ते शेवटी म्हणाले.

रस्त्यानं जाणारे दोघंतिघं ओसरीजवळ थांबले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडी बदलून, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "हो. माह्या दोन्ही पोरीले येते."

"मंग कठीण आहे," काका म्हणाले.

"असंल," बाबा म्हणाले. "चहा घ्या."

बाबांचं मन पालटलं असं माय पुढे सगळ्यांना सांगत राहिली. मी कधी तसं म्हटलं नाही. रस्त्यावर ती माणसं उभी नसती तर माझं काय झालं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

हायस्कुलात पहिल्या दिवशी इंग्रजीचे सर आले. त्यांनी विचारलं, "सुट्टीतलं पुस्तक कोणी वाचलं?" सगळ्यांचे हात वर गेले. निम्म्यांनी ते उघडलंही नव्हतं. सर "बसा" म्हणाले, फळ्याकडे वळले आणि एबीसीडीतलं मोठ्ठं ए काढलं. वर्षभर त्या पुस्तकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

ताई मॅट्रिक पास झाली, आणि चार लोकांसमोर पोरींची बढाई मारून बसलेल्या बाबांना आता "पाहू" म्हणायची सोय उरली नाही. महिन्याभरानं ती ट्रेनिंगला निघाली. तिची ट्रंक बाबांनी स्वतः एसटीच्या टपावर चढवून घेतली. खाली उभ्या कंडक्टरला, त्यानं काही विचारलं नसताना, म्हणाले, "पोरगी यवतमाळले चालली. इंग्रजी फाडफाड वाचते. मीच शिकवली."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. ताई खिडकीशी बसली होती. तिला ते ऐकू गेलं. तिनं पदर डोक्यावर ओढला, माझ्याकडे पाहून एकदाच हसली आणि गाडी हलेपर्यंत बाबांकडे पाहिलं नाही.